सायकलिंग + रोइंग मशीन आणि आपली पाठ : तुमचे अनुभव लिहा

सायकलिंगच्या जोडीला रोइंग मशीन (सरकत्या सीटवर बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं यंत्र) सुरू केलेले बरेच जण हल्ली भेटतात आणि बोलणं फिरून फिरून कमरेवरच येतं. म्हणून हा धागा. काय केलं, कुठे चुकलं, पाठ कशी सावरली, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

सायकल सहा वर्षं, मशीन गेल्या वर्षी. पहिल्याच दिवशी डँपर (पंख्याच्या बाजूची एक ते दहा आकड्यांची खिट्टी) दहावर टाकला, वाटलं गिअरसारखं असेल, जड तितका व्यायाम चांगला. तसं नसतं! डँपर फक्त पंख्यात हवा किती जाते ते ठरवतो, जोर किती लावायचा ते आपल्यावर. दहावर दोन स्ट्रोकच्या मधे पंखा फार मंदावतो आणि दर वेळी तो पुन्हा ओढून काढायचा भार कमरेवर येतो. तिसऱ्या आठवड्यात मोजे घालायला वाकले आणि उसण भरली, चार दिवस सरळ उभं राहता येईना. आता डँपर तीन ते पाचच्या मधे, ड्रॅग फॅक्टर (पंख्याला हवेचा किती अडथळा होतो तो मशीनवरचा आकडा) ११५ च्या आसपास, आणि मिनिटाला १८-२० स्ट्रोक, बास.

*

माझं दुखणं मांडीच्या मागच्या स्नायूंमधून आलं. सायकलवर पाय कधी पूर्ण सरळ होतच नाही, वर्षानुवर्षं तसंच, त्यामुळे हॅमस्ट्रिंग आखडलेले. मशीनवर पुढे सरकलो की कंबरेचं हाड मागे कलंडायचं आणि पाठीची कमान व्हायची, आणि त्याच वाकलेल्या पाठीने मी ओढत होतो. फिजिओने मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा पटलं, तोवर मी शपथेवर सांगितलं असतं की माझी पाठ सरळ असते. मग तीन गोष्टी केल्या. पाय ठेवायची पट्टी टाचा थोड्या खाली येतील अशी लावली. नडग्या उभ्या झाल्या की थांबायचं, त्यापुढे सरकायचं नाही. आणि परत येताना आधी हात पुढे, मग खुब्यातून धड पुढे, आणि मगच गुडघे मोडायचे. ओढताना बरोबर उलटं, आधी पाय, मग धड, शेवटी हात. पहिला महिना दहा मिनिटं फक्त हेच करायचो, कंटाळा यायचा पण केलं, आणि त्याचा सायकलवरही फायदा झाला, कारण हँडलवर वाकताना आता खुब्यातून वाकतो, लांबच्या राइडनंतर कंबर धरायची ती बंद झाली.

*

सायकलचे वॉट मशीनवर गाठायला जाऊ नका, मी तेच केलं. ५०० मीटरला २:३० मिनिटं म्हणजे साधारण १०४ वॉट आणि २:०० म्हणजे २०३, वेग थोडा वाढवायचा तरी ताकद जवळजवळ दुप्पट लागते, आणि पाय दमले की उरलेलं सगळं पाठ ओढते. आता आकड्यावर कागद चिकटवलाय, हार्ट रेट बघून चालवते.

*

क्रम महत्त्वाचा! मी तीन तासांची राइड करून आलो की लगेच मशीनवर बसायचो, पाठ आधीच दमलेली. आता जोराचं रोइंग राइडच्या दिवशी नाहीच. सलग ४५ मिनिटांऐवजी पंधरा-पंधराचे तीन भाग, मधे उठून दोन मिनिटं चालायचं. आणि एक, रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकणं त्यांना सोसत नाही. अंथरुणातून थेट मशीनवर जायची माझी सवय मोडली, आता तासभर तरी जाऊ देतो, आधी बर्ड डॉग (हातागुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचा हात-पाय लांब करणं) आणि साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग सरळ तोलणं).

*

मला ब्रिटनच्या रेबेका रोमेरोचा फार आधार वाटला. २००४ ला अथेन्स ऑलिंपिकला रोइंगचं रौप्य, मग पाठीच्या दुखण्यापायी रोइंग सोडावं लागलं, आणि २००८ ला बीजिंगला ट्रॅक सायकलिंगचं सुवर्ण. एका खेळाने दमवलेली पाठ दुसऱ्यात चालू शकते हे तिच्याकडे बघून पटतं. मी स्वतः आठवड्याला चार दिवस सायकल आणि एकच दिवस रोइंग यावर आलेय.

*

कृपया हे वाचाच. माझी चकती सरकली होती. दोन पायांच्या मधला भाग बधिर वाटायला लागला तर मी आठवडाभर सीटला दोष देत बसलो, सीट बदललीसुद्धा. सायकलवाल्यांची ही चूक सहज होते. पण सायकलवरून उतरूनही बधिरपणा जात नसेल, कंबरदुखीबरोबर असेल, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, एक रात्रसुद्धा थांबू नका. माझं ऑपरेशन झालं, पायातली ताकद परत आली, डाव्या पावलाच्या कडेला अजून स्पर्श कमी कळतो.

*

मी मशीन सोडलं. आठ महिने सगळं नीट करून पाहिलं, तंत्र, व्यायाम, विश्रांती, तरी दर वेळी दुसऱ्या दिवशी डाव्या पायात कळ जायची. सायकलवर काही होत नाही. वाईट वाटलं कारण रोइंगची लय मला मनापासून आवडली होती, डोळे मिटून ऐकत राहावं असा त्या पंख्याचा आवाज असतो. मशीन अजून विकलं नाहीये.