मदत हवी आहे: खाच पाडलेला नमुना फटकन फुटतो, तडा मोजू कसा?

खारफुटी: एमटेकचं काम चालू आहे, ऐरोलीत. रिफ्रॅक्टरीचा (भट्टीत लावतात त्या उष्णता सोसणाऱ्या मालाचा) नमुना थ्री पॉइंट बेंडिंगला, म्हणजे दोन टेकूंवर ठेवून मधे दाबायला, लावला की फटकन दोन तुकडे. लोडचा आलेख चढतो आणि सरळ खाली. सरांना आर-कर्व्ह (तडा वाढत जाईल तसा त्याला होणारा विरोध किती वाढतो, त्याचा आलेख) हवाय, तोही याच महिन्यात. काय करू? लवकर सांगा.

वागळे_इस्टेट: कसला नमुना? मॅग्नेशिया, अॅल्युमिना? माप? खाच? स्पीड? आम्हाला ज्योतिष येत नाही.

रबाळे_भट्टी: आमच्या भट्टीच्या लायनिंगलाही (आतल्या अस्तराला) तडे जातात. कारण एकच, घाई. कास्टेबलमधलं (पाणी घालून ओततात त्या मालातलं) पाणी ११० अंशांवर नीट जाऊ द्या, मगच वर न्या. नाहीतर वाफ कोंडून थरच उडतो.

खारफुटी: काका, लायनिंग नाहीये. हाय अॅल्युमिना, भाजलेलेच नमुने आहेत.

कोपरीकर: ९५० अंशांवरून काढून पाण्यात टाक, मग ताकद किती उरली बघ. रिफ्रॅक्टरीत थर्मल शॉकच (तापमानाचा अचानक झटका) खरा, बाकी कागद काळे करणं.

वागळे_इस्टेट: त्यातून नुकसान कळतं, तडा कसा सरकला ते नाही. सिरॅमिकवर संशोधन करणाऱ्या हॅसलमनने १९६९मध्येच मांडलंय: तडा सुरूच होऊ नये तर ताकद जास्त आणि मॉड्युलस (ताठपणा) कमी हवा, सुरू झालेला लांब जाऊ नये तर नेमकं उलट. मॅग्नेशियाच्या विटेत स्पिनेल (मॅग्नेशिया-अॅल्युमिनाचं संयुग) घालतात ते उगाच नाही. थंड होताना मॅग्नेशिया जास्त आकसतो, स्पिनेलभोवती बारीक तडे पडतात आणि मोठा तडा त्यांत अडखळतो.

कोपरीकर: हॅसलमनला एकदा भट्टीवर उभं करा.

वागळे_इस्टेट: खारफुटी, माप अजून आलं नाही.

खारफुटी: २५ बाय २५, लांबी १५० मिमी. खाच सरळ, करवतीची. दाणा ५ मिमीपर्यंत. स्पीड मिनिटाला १ मिमी, लॅबमध्ये सगळे तेवढाच ठेवतात.

वागळे_इस्टेट: मग फुटणारच. नमुन्यात आणि मशीनमध्ये साठलेली ऊर्जा एकदम सुटते. शेव्हरॉन (व्ही आकाराची) खाच कर; पुढे सरकताना तडा रुंदावत जातो, म्हणून आवरतो. स्पीड ०.०१वर आण. खाचेच्या तोंडाशी क्लिप गेज (तोंड किती उघडलं ते मोजणारा) लाव, क्रॉसहेडवर (मशीनच्या सरकत्या दांड्यावर) विसंबू नकोस.

ट्रान्सहार्बर: शेव्हरॉनने आलेख सुधारेल, आर-कर्व्ह मिळणार नाही. ५ मिमीचा दाणा, खाचेपुढे दाणे उरले किती? तीन-चार. तड्याच्या मागे दाणे दोन्ही कडा धरून ठेवतात, त्यातूनच कर्व्ह चढतो. त्याला जागा लागते. वेज स्प्लिटिंग कर, म्हणजे १०० मिमीचा खाच पाडलेला ठोकळा, वरून पाचर. उभं बळ कमी लागतं, मशीनमध्ये ऊर्जा फारशी साठत नाही.

कळवा_खाडी: घरच्या तंदूरला कुठली वीट चालेल?

कोपरीकर: तंदूरचा वेगळा धागा काढा.

खारफुटी: त्याचं फिक्स्चर (मशीनवर नमुना धरायची जोडणी) नाही आमच्याकडे. आणि एवढे ठोकळे देणार कोण?

रबाळे_भट्टी: ठोकळे मी ओतून देतो. साचा तू आण, भाजायचं तुमच्या लॅबमध्ये. संध्याकाळी येऊ नकोस, ठाणे-बेलापूर रोडला अडकशील.

खारफुटी: थँक्यू काका! पाचर वागळे इस्टेटमध्ये वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) करून घेतो. कोन किती ठेवू?

ट्रान्सहार्बर: कोन लहान ठेव. आणि पाचरेच्या दोन्ही बाजूंना रोलर हवेतच, नाहीतर घर्षणच मोजत बसशील.