जाडीबरोबर गुणधर्म सरळ रेषेत बदलत नाहीत

कुणी म्हणेल की धातूचा थर पातळ करत गेलं की गुणधर्म हळूहळू, एकाच दिशेने बदलत जातात. शिशाच्या बाबतीत तसं होत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

थर काही अणूंइतकाच जाड असेल तर इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला समांतर मोकळे फिरतात, पण जाडीच्या दिशेने अडकतात. तिथे दोन्ही काठांमध्ये नीट बसणाऱ्या लहरीच टिकतात, म्हणून ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या तयार होतात. सिलिकॉनवरच्या शिशात एका अणुथराची उंची साधारण ०.२८६ नॅनोमीटर, आणि फर्मी पातळीवरच्या (म्हणजे भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेच्या) इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.४ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे दोन थरांत जवळपास तीन अर्धलहरी मावतात. परिणामी थरांची संख्या सम की विषम यावर थराचं स्थैर्य ठरतं. काही उंचीची बेटं (सिलिकॉनवर उभे राहणारे शिशाचे सपाट तुकडे) सहज वाढतात, काही जवळजवळ दिसतच नाहीत. हा हिशोब तंतोतंत नसल्यामुळे काही थरांनंतर सम-विषमची पाळी उलटते, तेही प्रयोगात दिसतं.

अतिवाहकतेचं संक्रमण तापमानसुद्धा (ज्याच्या खाली विद्युतरोध नाहीसा होतो ते; शिशाच्या जाड ठोकळ्यात ७.२ केल्विन) एकेका थरागणिक वरखाली होतं. हे मोजमाप २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.