सुट्टीला घरी गेल्यावर थिएटरात कशाला? (सविस्तर उत्तर)

पडदावेडा:
काल एकीने लिहिलं होतं की चार दिवस घरी जायचं आणि त्यातले तीन तास अंधारात गप्प बसायचं, हा घरच्यांचा अपमान आहे. डोकंच फिरलं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बोलायचे विषय संपतात, मग पगार, लग्न, वजन सुरू होतं. बाबा आणि मी समोरासमोर बसलो की भांडतो, शेजारी बसलो की नाही. मागच्या सुट्टीत पडद्यावर हिरोची नोकरी गेली आणि इंटरव्हलला बाबांनी आपणहून सांगितलं की त्यांनाही एकदा काढलं होतं. इतक्या वर्षांत घरात कधी निघालं नव्हतं हे. आणि सुट्टीतला सिनेमा हे आजचं फॅड नाही, सिनेमाची सुरुवात करणाऱ्या लुमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तोच २८ डिसेंबर १८९५ला, पॅरिसमध्ये, ऐन नाताळच्या आठवड्यात.

माजघर:
ते मीच लिहिलं होतं आणि अपमान हा शब्द मागे घेणार नाही. १८९५चं मला सांगू नका, त्या खेळात दहा फिल्म होत्या, एकेक जेमतेम मिनिटभराची. तुमच्यासारखी अख्खी संध्याकाळ नाही गेली कोणाची. आमच्या आजीला कमी ऐकू येतं, तरी सगळे निघाले म्हणून तीही आली, पूर्णवेळ हसऱ्या चेहऱ्याने बसली आणि घरी आल्यावर मला हळूच विचारलं, "तो शेवटी का रडत होता गं?"

तिसरी_रांग:
मी सिनेमांचं साउंड मिक्सिंग करतो, म्हणजे संवाद, संगीत, बाकीचे आवाज एकत्र जुळवतो, म्हणून सांगतो, नुसता आवाज वाढवून आजींना कळणार नाही. वयाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, म्हणजे स, श, फ, त वगैरे, आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरूनच. सबटायटलवाला शो बघत जा.

कानठळ्या:
वा, म्हणजे दोष आजीच्या कानांचा! माझे कान ठणठणीत आहेत आणि मलाही संवाद कळत नाहीत, आधी कुजबुज आणि लगेच स्फोट. चार वर्षांचा भाचा कानावर हात ठेवून रडायला लागला, अर्धा सिनेमा मी त्याला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये.

तिसरी_रांग:
शिव्या आम्हालाच का? मिक्सिंग ८५ डेसिबलची ठरलेली पातळी धरून होतं, तेवढाच आवाज यायला थिएटरात फेडर (आवाजाचं बटण) ७ वर हवा. तक्रारी आल्या की तो ४-५ वर आणतात, मग स्फोट सहन होतात आणि कुजबुज गायब.

कानठळ्या:
तक्रारी येतात म्हणजे लोकांना त्रास होतो, एवढं साधं कळत नाही? चार वर्षांच्या पोराला तुमचा फेडर काय सांगू?

तिसरी_रांग:
बरं, एवढं मान्य करतो. डायरेक्टर अजून वाढव म्हणतो आणि आम्ही वाढवतो. पण इतक्या लहान मुलाला असल्या सिनेमाला नेलं कोणी?

कानठळ्या:
त्याच्या आईने, कारण घरात त्याच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं, सगळे थिएटरात!

माजघर:
हेच तर मी म्हणत होते.

पडदावेडा:
अहो मग सिनेमा निवडताना आजीला आणि भाच्याला धरून निवडा ना, जाणंच बंद कशाला करायचं? माझ्या बाबांचं काय?

माजघर:
तुमच्या बाबांसाठी एक सिनेमा सोडला, जा. पण निघायच्या दिवशी नाही. एका सुट्टीत आम्ही आजीला न नेता सिनेमाला गेलो आणि थिएटरातून परस्पर स्टेशनवर गेलो होतो, आणि आजी त्या वेळी दारात खुर्ची टाकून बसली होती, आम्ही बॅगा घ्यायला घरी येऊ म्हणून.