शिवारातील शिलावर्तुळे वाचवायची कशी?

प्रश्न : काटोल रस्त्यावरील जुनापाणीची शिलावर्तुळे (लोहयुगीन दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची रिंगणे) केंद्र सरकारने संरक्षित केली आहेत. नागपूर जिल्ह्यातीलच आमच्या शिवारातही तशीच रिंगणे आहेत, पण त्यांची नोंद कुठेच दिसत नाही. मुरुमासाठी जेसीबी लागल्यापासून एका रिंगणाचे निम्मे गोटे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जाऊन पडले आहेत. तक्रार केल्यास जमीन सरकारजमा होईल, या भीतीने शेतकरी गप्प आहेत. ही भीती खरी आहे का?

शिवारकर : बहुतांशी नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार एखादी जागा संरक्षित घोषित झाली, तरी ती आपोआप सरकारच्या मालकीची होत नाही. जतनासाठी मालकाशी करार करण्याची तरतूद त्यातच आहे. कलम १९ प्रमाणे संरक्षित क्षेत्रात बांधकाम व खाणकामाला परवानगी लागते, पण एक फुटापेक्षा खोल न खणता शेती करता येते. ट्रॅक्टरची खोल नांगरट मात्र यात बसत नाही. शिवाय २०१० च्या दुरुस्तीमुळे भोवतालच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही, त्यामुळे घर बांधायचे मनात असलेल्याची कुरकूर मी समजू शकतो.

जुनी माती : घोषणेपूर्वी हरकतींसाठी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि जेसीबी तेवढा थांबणार नाही. म्हणून आधी तहसीलदारांकडे जावे. मुरूम हे गौण खनिज असल्याने विनापरवाना उत्खननावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळालाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

धुऱ्यावर गेलेले गोटे परत आणून रचण्याचा उत्साह कृपया कोणी दाखवू नये. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे असतात आणि त्यांचा रोख कोणत्या दिशेला आहे, यावर अभ्यास झाला आहे. दगड हलला की तो पुरावा संपतो. खरा ऐवज तर रिंगणाच्या आत, माती-गोट्यांच्या भरावाखाली असतो. नागपूरजवळच्या माहूरझरीतील अशाच शिलावर्तुळांच्या उत्खननात काळी-तांबडी भांडी, लोखंडी हत्यारे, घोड्याची हाडे व त्याच्या मस्तकावरचा तांब्याचा साज मिळाला, तो भराव शाबूत होता म्हणूनच.

शिवारकर : सहमत. छायाचित्रे काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, गट क्रमांक अर्जात लिहावा, पण येथे, या चर्चेत, टाकू नये. गुप्तधन शोधणारेही हे धागे वाचतात.