२४ लाख भागिले ४८: घातांक वाढवायचा की कमी करायचा?

मुलुंडची खजिनदार
आमची मुलुंड पूर्वेला ४८ फ्लॅटची सोसायटी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लॅस्टर-रंगकाम मिळून कोटेशन आलंय २४ लाखांचं. सगळे फ्लॅट एकाच मापाचे, म्हणून वर्गणी सारखी. साध्या भागाकाराने घरटी ५०,००० येतात. पण लेक नववीत आहे. "आई, घातांकात करून बघू" म्हणाली, तेव्हा जुन्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूला मांडलं:

(२.४ × १०^६) ÷ (४.८ × १०^१) = ०.५ × १०^५

इथवर ठीक. मग ०.५ चे ५ करताना दशांशचिन्ह एक घर पुढे गेलं, म्हणून घातांकही एकाने वाढवला. झाले ५ × १०^६, म्हणजे घरटी ५० लाख. खरं उत्तर माहीत होतं म्हणून चूक सापडली. पालिकेच्या बजेटएवढे आकडे असते तर? नुसता नियम पाठ करून नको, मला तिला कारण सांगायचंय.

निवृत्त गणित शिक्षक, गिरगाव
ताई, ०.५ × १०^५ मोठ्याने वाचा: अर्धा लाख. अर्धा लाख म्हणजे पन्नास हजार, म्हणून ५ × १०^४.

कारण लेकीला नोटांवरून सांगा. पाचशेची नोट मोडून पन्नासच्या घेतल्या तर नोटा दहापट होतात, पण एकेका नोटेची किंमत दहावा हिस्सा राहते. पैसे तेवढेच. पुढचा आकडा दहापट केलात, तर घातांक एकाने उतरलाच पाहिजे.

आता पालिकाच घ्या. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. कोटी म्हणजे १०^७, तेव्हा तो झाला ७.४४ × १०^११. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३, म्हणजे १.२४ × १०^७. ७.४४ ÷ १.२४ = ६ आणि ११ − ७ = ४. माणशी साधारण ६० हजार. जनगणना जुनी आहे, त्यामुळे हा अंदाजच. पडताळा तोंडी होतो: कोटीला कोटी गेले, उरले ७४ हजार भागिले सव्वा. उत्तर ७४ हजारांच्या आतच हवं. लाखांत आलं, तर घातांक तपासा.

फोर्टात हिशेब लिहिणारा
ताई, तुमचे ५० लाख मलाही एकदा मिळालेत, दुसऱ्याच वाटेने. कॅल्क्युलेटरवर २.४ × १०^६ ÷ ४.८ × १०^१ असं सलग टाकलं, तर तो ४.८ ने भागतो आणि शेवटच्या १० ने गुणतो. उत्तर ५० लाख. खालची पूर्ण संख्या कंसात टाका. एक्सेलमध्येही हेच. मी एका खर्चपत्रकात ही चूक केली होती आणि ती सापडायला अख्खी दुपार गेली.

मुलुंडची खजिनदार
सर, नोटांचा दाखला तिला लगेच पटला. मग २० हप्त्यांचं तिनेच केलं: (५ × १०^४) ÷ (२ × १०^१) = २.५ × १०^३, महिना २,५००. आणि एका घराचा वाटा एकूण खर्चाच्या किती, म्हणून ५ × १०^४ ला २.४ × १०^६ ने भागलं. २.०८ × १०^−२ आल्यावर थबकली, मग म्हणाली, "शंभरात दोन रुपये आठ पैसे." रविवारच्या सभेच्या नोटिशीत हप्त्याची रक्कम तिच्याच हाताने लिहून घेतली.