मदत हवी आहे: व्हाइट गोल्डच्या अंगठीची किंमत कशी धरायची?

आत्याची व्हाइट गोल्डची अंगठी मोडायची आहे. आत ७५० चा शिक्का, म्हणजे १८ कॅरेट. एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) नाही, पावतीही नाही. खड्यांसकट वजन ४.३ ग्रॅम. खडे अमेरिकन डायमंड आहेत, टेस्टरवर बघून झालंय, त्यामुळे हिऱ्याचा विषय नको. कडेचा रोडियमचा पांढरा मुलामा उडून पिवळट झाक दिसते.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, एका सराफानं नुसतं बघून खड्यांची ग्रॅमभर घट धरली. दुसरा म्हणतो, आधी आटवू, मग भाव सांगू. आटवल्यावर भाव पटला नाही तर काय घरी न्यायचं? अमेरिकन डायमंड खऱ्या हिऱ्यापेक्षा जड असतो हे मान्य, पण तांदळाच्या कणीएवढे सात खडे ग्रॅमभर भरतात होय?

२४ कॅरेटच्या भावाच्या ७५ टक्के धरून खड्यांची घट नेमकी किती वजा करायची? आणि न आटवता कॅरेटोमीटरवर (सोन्याची शुद्धता मोजायच्या मशीनवर) तपासून लेखी रिपोर्ट कोल्हापुरात कुठं मिळेल?