केजीबी भारी की सीआयए? डिबेटला मदत हवी

फोंडेकर: मंडळी, कॉलेजात पुढच्या आठवड्यात डिबेट आहे, शीतयुद्धात रशियाची हेरसंस्था केजीबी सरस की अमेरिकेची सीआयए, आणि आमच्या टीमच्या वाट्याला आलीय सीआयए. माझं स्वतःचं मत नेमकं उलटं. बर्लिनचा बोगदाच घ्या, सीआयए आणि ब्रिटिशांनी एवढा खर्च करून १९५५ मध्ये रशियनांच्या फोनच्या तारा टॅप केल्या आणि ब्रिटिश हेरखात्यातल्याच, पण रशियाला फितूर असलेल्या जॉर्ज ब्लेकने ते खणायच्या आधीच मॉस्कोला कळवून टाकलेलं. आता बोलू काय?

सत्तरीकर: अरे तोच बोगदा तुझ्या बाजूने फिरव ना. केजीबीला माहीत होतं, पण ब्लेक उघडा पडू नये म्हणून त्यांनी आपल्याच सैन्याला सांगितलं नाही, अकरा महिने लोक बिनधास्त बोलत राहिले आणि अमेरिकेने ऐकलं ते बहुतेक खरंच होतं. शिवाय तोल्काचेव्ह आहे, मॉस्कोतला रडार इंजिनियर, सीआयएसाठी ऑफिसचे गुप्त कागद जेवणाच्या सुट्टीत घरी आणायचा आणि खुर्चीच्या पाठीला कॅमेरा अडकवून फोटो काढायचा. असा माणूस मिळवणं खायचं काम नाही.

म्हापसेकर: आणि पोल्याकोव्ह? जनरल, दिल्लीतल्या सोव्हिएत दूतावासातसुद्धा होता, सीआयएचा हुकमी एक्का, त्याला विकलं कोणी तर सीआयएच्याच एम्सने. हा एम्स १९८५ ला फुटला, पकडला १९९४ ला. सरकारी पगारात पाच लाख डॉलरच्या वरचं घर रोखीत घेतलं तरी एवढी वर्षं कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! मी तर केजीबीवाला, आमच्या घरात तसंही रशियाने युनोत गोव्यासाठी मारलेल्या १९६१ च्या व्हेटोपासून रशियाचंच कौतुक.

पेडणेकर: बाबा रे, गोव्यासाठी व्हेटो मारला तो राजकारणाचा भाग, केजीबीला त्याचं क्रेडिट कशाला? फोंडेकर, तू ऑपरेशन रायन काढ. १९८१ मध्ये केजीबीप्रमुख आंद्रोपोव्हच्या डोक्यात बसलं की अमेरिका अचानक अणुहल्ला करणार. मग हल्ल्याची तयारी आधी कळावी म्हणून लंडनच्या केजीबीवाल्यांना हुकूम, सरकारी इमारतींत रात्री दिवे किती जळतात ते मोजा, रक्तपेढ्या रक्ताला काय भाव देतात ते बघा. ब्रिटनमध्ये रक्तदानाला पैसेच मिळत नाहीत! तिथल्या लोकांचा स्वतःचा विश्वास नव्हता, तरी मॉस्कोला हवे तसे रिपोर्ट जात राहिले, कारण वरच्याला नाही म्हणायचं कोणी? माणसं फोडण्यात केजीबी बापच होती, पण साहेबाला नको ते ऐकवायची सोयच नव्हती तिथे. मी असतो तर सगळं भाषण यावरच ठोकलं असतं.

फोंडेकर: रक्ताचा भाव नक्की घेतो, थँक्यू काका! पण समोरच्यांनी इराण काढलं तर?

पेडणेकर: काढणारच. ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएने लिहून दिलेलं की इराणमध्ये क्रांतीची चिन्हं नाहीत, आणि जानेवारीत तिथला राजा, शहा, देश सोडून गेला. त्यावर उत्तर तूच शोध, माझ्याकडे नाही.